माणिक गुरुजींची न्याहारी

यशोदेने भाजलेल्या कणकेच्या उकडपेंडीची ताटली पाटासमोर ठेवली, वर कच्च्या तेलाची धार सोडली आणि मागे वळून पाहते तो माणिक गुरुजी कोटाच्या गुंड्या लावत दारात उभे.

"खाऊन जा ना," ती म्हणाली. "गरम आहे."

"आल्यावर खातो. आता वेळ नाही."

"एवढ्या पहाटेचं कुठं जाऊन राह्यले?"

"गावात. कोणाच्या घरी पोरं सकाळी काय खातात, ते विचारायले."

यशोदेने एकदा उकडपेंडीकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे. "आणि स्वतः उपाशी?"

"मी मोठा माणूस आहे. माझं काय," असे म्हणून गुरुजींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते धुक्यात दिसेनासे झाले.

वर्धा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. गिरडची टेकडी जिथून दिसते अशा धामणखेड नावाच्या गावात माणिक गुरुजी शाळा चालवीत. शाळेच्या मागेच दोन खोल्या होत्या, त्यात नवराबायकोचा संसार. कापसाची वेचणी सुरू झाली की वर्गातली निम्मी पोरे पेंगू लागतात, हे गुरुजींच्या ध्यानात आले होते. कारण मात्र कळत नव्हते. ते कळले वर्ध्याच्या शिबिरात. तिथे एका डॉक्टरांनी व्याख्यान दिले. सकाळी पोटात काही नसेल तर मूल शिकत नाही आणि मोठा माणूस काम करीत नाही, असे ते म्हणाले. यातला मुलांबद्दलचा भाग गुरुजींनी इतका मन लावून ऐकला की मोठ्या माणसांबद्दलचा ऐकायचा राहून गेला. धामणखेडचे एकही पोर उपाशीपोटी शाळेत बसणार नाही, असे ठरवूनच ते परतले होते.

पहिले घर नत्थूजींचे. नत्थूजी अंगणात शेकोटीपाशी बसले होते.

"नत्थूजी," गुरुजी म्हणाले, "तुमच्या घरी सकाळी काय असतं खायला?"

नत्थूजींनी मान वर करून गुरुजींना न्याहाळले. गुरुजी मुळातच काटकुळे, त्यात थंडीने आक्रसलेले. नत्थूजींच्या चेहऱ्यावर कळवळा दाटून आला.

"अवो," त्यांनी आत हाक दिली, "गुरुजीइले भाकर टाक. दही बी आन."

"अहो, मी खायला नाही आलो. विचारायला आलो."

"मंग खाऊनच विचारा ना जी. का गरिबाच्या घरचं चालत नाई?"

गुरुजी बसले. तव्यावरची भाकर, दही आणि वर मिरचीचा ठेचा. खाऊन झाल्यावर त्यांनी विचारले, "पोरं रोज खाऊन येतात ना शाळेत?"

"खाते ना जी. आताच नाई का पाह्यलं तुम्ही, काय असते ते."

दुसरे घर शकुबाईचे. शकुबाई लोकांच्या शेतात वेचायला जाई. डोक्याला फडके बांधून ती निघण्याच्याच बेतात होती. गुरुजींचा प्रश्न ऐकून ती जराशी गडबडली, मग आत जाऊन वाटीभर गव्हाच्या घुगऱ्या घेऊन आली. "आमची पोरगी खाऊनच येते गुरुजी," ती म्हणाली. "हे घ्या. खाऊन पाहा, गोड आहेत." खाल्ल्यावाचून ती दारातून हलेना. गुरुजींनी वाटी चाटूनपुसून रिकामी केली.

तिसरे घर अगदी शाळेसमोरचे, कौशल्याबाईंचे. गावात सगळ्यांत जास्त कापूस यांचाच, त्यामुळे शब्दालाही वजन. गुरुजी न्याहारीची चौकशी करीत फिरताहेत, ही खबर त्यांच्याआधी तिथे पोचली होती. तुपातला शिरा तयारच होता. नत्थूजीकडे खाल्लेत, मग आमच्याकडे का नाही, असा सरळ सवाल आला, आणि शिरा पोटात गेला.

शाळेत गेल्यावर गुरुजींनी पोरांना पाढे म्हणायला लावले आणि खुर्चीत बसले. तेराच्या पाढ्याच्या अलीकडेच कुठेतरी त्यांची मान छातीवर आली. पोरे बराच वेळ पाढे म्हणत राहिली, मग हळू आवाजात म्हणू लागली, मग गुरुजींची झोप मोडू नये म्हणून अगदीच थांबली.

दुपारी यशोदेने ताट वाढले. गुरुजींना वासही सहन होईना. तीन घरी खाऊन आलो, हे सांगायचे कसे? सकाळी तर घरच्या ताटलीला वेळ नाही म्हणून निघाले होते. "भूक नाही," एवढेच ते बोलले.

"बरं नाही का?"

"बरं आहे. नुसती भूक नाही."

दुसऱ्या दिवशी दुसरी आळी. तिथल्या घरांनी आदल्या दिवशीच्या शिऱ्याची कीर्ती ऐकलेली. आलूपोहे, मुगाची भजी, सोनारांकडे तर चक्क पुरणपोळी. प्रत्येक घरात उत्तर एकच, आमचे पोट्टे खाऊनच जातात. गुरुजींना वाटले, गाव सुधारलेलेच आहे. पोरे मात्र पेंगतच होती. तेव्हा चौकशी आणखी खोल गेली पाहिजे, असे ठरवून ते तिसऱ्या दिवशीही निघाले, आणि चौथ्याही.

इकडे यशोदेचे दुपारचे रांधलेले तसेच राहू लागले. तेच संध्याकाळी एकटीने संपवायचे, म्हणून संध्याकाळची चूल पेटेनाशी झाली. समोरच्या ओसरीवरून कौशल्याबाईंनी हे पाहिले. गावभर छपरांतून धूर निघतोय, आणि गुरुजींचे छप्पर कोरडे. सकाळी गुरुजी दारोदार न्याहारी विचारतात, संध्याकाळी घरात चूल नाही. दोन आणि दोन चार करायला कौशल्याबाईंना शाळेत जायची गरज नव्हती.

एका दुपारी त्या झाकलेले ताट घेऊन यशोदेकडे आल्या.

"हे कायले, कौशल्याबाई?"

"राहू दे पोरी." त्यांनी ताट खाली ठेवले आणि यशोदेच्या पाठीवर हात फिरवला. "नवराबायकोचं होतच राह्यते. माह्यंही झालं. पन भांडन चुलीपर्यंत नेऊ नाई. तो बिचारा घरोघर खाऊन राह्यला. त्या दिवशी सोनारायकडे पुरनपोळी खाल्ली, आदल्या दिवशी माह्याकडे शिरा. मागून मागून घेतला दोनदा."

यशोदेचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "शिरा दोनदा घेतला?" एवढेच तिने विचारले.

संध्याकाळी गुरुजी घरी आले तेव्हा यशोदा चुलीपुढे हात जोडल्यासारखी बसली होती. चूल थंड.

"उद्या कोणाकडे आहे जेवण?" तिने शांतपणे विचारले.

गुरुजींनी सगळे समजावून सांगायचा प्रयत्न केला. शिबिर, डॉक्टर, नत्थूजींचा आग्रह. जितके सांगावे तितके ते हास्यास्पद होत गेले.

"माझ्या उकडपेंडीले वेळ नाही, अन् कौशल्याबाईचा शिरा दोनदा," यशोदा म्हणाली. "गाव म्हणून राह्यलं, मास्तरीण चूल पेटवत नाही. खोटं काऊन पडू द्यायचं? उद्यापासून नाही पेटवत."

गुरुजींनाही राग आला. एका चांगल्या कामाची घरातच ही किंमत. ते न जेवता, एक शब्द न बोलता झोपले.

आणि नेमके त्याच संध्याकाळी कौशल्याबाईंनी विहिरीवर बायकांना निकाल सुनावला होता. "गुरुजीले खाऊ घालून आपनच त्याहिचं घर मोडून राह्यलो. बाहेर मिळते म्हनून मानूस घरी नमत नाई. उद्यापासून कोनी त्याले घास देऊ नका. तिच्याकडे मात्र पोचवा. ती पोरगी उपाशी आहे."

दुसऱ्या दिवशी गुरुजी रिकाम्या पोटी निघाले. आज कोणी आग्रह केला तर फार आढेवेढे घ्यायचे नाहीत, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. पण आग्रह झालाच नाही. सोनार दारातच बोलले आणि दारातच निरोप दिला. दुसऱ्या घरी भाकरीचा खरपूस वास येत होता, तो वासच तेवढा मिळाला. शाळेत गुरुजींनी फळ्यावर वजाबाकी मांडली आणि बेरीज केली. एका पोराने चूक दाखवली तेव्हा त्याच्यावर ओरडले, आणि ओरडल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणून खुर्ची धरून उभे राहिले.

दुपारी घरी आले तर पडवीत रिकाम्या ताटांची चळत. कौशल्याबाईंचे पितळी ताट, सोनारांची परात, नत्थूजींकडची एरवी कळकट डेगची, सगळे लख्ख घासलेले. एवढे सगळे हिने एकटीने खाल्ले? गुरुजींना विचारावेसे वाटले, पण अबोला होता.

"काही आहे का?" शेवटी त्यांनी भिंतीला विचारले.

"संपलं," यशोदा म्हणाली.

संध्याकाळी तिने ताकभात पुढे केला. गुरुजी मानी माणूस. नको म्हणाले आणि रात्रभर त्या ताकभाताची आठवण काढीत राहिले.

आता, धामणखेडच्या कापसाच्या गाड्या हिंगणघाटच्या बाजारात जात, आणि बाजाराच्या तोंडाशीच यशोदेच्या वडिलांचे, डोमाजींचे, दोरा-सुतळीचे दुकान होते. गाडीवान तिथे टेकल्याशिवाय पुढे जात नसत. गुरुजी घरोघर न्याहारीची चौकशी करतात, अशी बातमी गावातून निघाली. नदी ओलांडेपर्यंत ती गुरुजी न्याहारी मागतात अशी झाली. समुद्रपुरात गुरुजींचा पगार बंद झाला. हिंगणघाटला डोमाजींच्या दुकानात पोचली तेव्हा जावयाने यशोदेला उपाशी कोंडून ठेवले होते. डोमाजींनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि जी मोटार मिळाली ती धरली. पुढे लहानू गाडीवानाची रिकामी गाडी धामणखेडला परतत होती, तिच्यात ते बसले. शेजारी लेकीसाठी घेतलेले ज्वारीचे पोते.

रात्रभर चालून गाडी गावाशी आली, त्याच सकाळी, ताकभाताच्या दुसऱ्या दिवशी, गुरुजी पुन्हा गावात निघाले होते, आता तत्त्वापेक्षा आशेने. नत्थूजी त्यांना पाहून उठले, हात जोडून म्हणाले, "घरी जा गुरुजी. बाई वाट पाहून राह्यल्या असन." पुढच्या घराने दार लोटून घेतले, प्रेमाने, पण लोटून घेतले. मारुतीच्या पारापर्यंत येता येता गुरुजींनी दोनदा भिंत धरली. ते पारावर बसले. समोरचे कडुनिंबाचे झाड एकदा दोन दिसले, मग पुन्हा एक.

तेवढ्यात लहानूची गाडी थांबली आणि डोमाजी खाली उतरले. वाटभर त्यांनी बोलायचे तयार करून ठेवले होते.

"जावईबुवा, माह्या पोरीले उपाशी ठेवता म्हने?"

"मामा," गुरुजी क्षीण आवाजात म्हणाले, "उपाशी मी आहे."

"तुम्ही काऊन? तुम्ही तर गावभर जेवता असं आयकलं."

"ते बंद झालं."

डोमाजींना हे काही उमगेना. पुढचे वाक्य आठवायला ते थांबले, तोच त्यांचाही तोल गेला आणि ते गुरुजींशेजारी पारावर टेकले. "पोरगी उपाशी आहे म्हनून मीही काल दुपारपासून घास नाई घेतला," ते म्हणाले. "घशाखाली उतरते का?" थोडा वेळ सासराजावई एकमेकांशेजारी धापा टाकीत बसले. मग डोमाजी म्हणाले, "भांडन घरी जाऊन करू. इथं होत नाई." आणि एकमेकांचे दंड धरून दोघे शाळेच्या मागच्या बाजूने घराकडे निघाले.

शाळेची घंटा व्हायला अजून अवकाश होता. या वेळी गुरुजी एरवी कोणाच्या तरी पाटावर असत. आपले परसदार या वेळी कसे दिसते, हे त्यांनी चौकशी सुरू केल्यापासून पाहिलेच नव्हते.

परसात पोरे बसली होती. दोन रांगा. मागच्या बाकांवर पेंगणारी सगळी, झाडून सगळी. मधोमध कौशल्याबाईंचे पितळी ताट, सोनारांची परात, आणि यशोदा पदर खोचून वाढत होती.

"खा रे, लाजू नका," ती म्हणत होती. "मी एकटी एवढं कुठं खाऊ? गुरुजी तर खातच नाहीत. वाया गेलं तर लोकाइले वाईट वाटेल."

पोरे बाईंवर उपकार केल्याच्या गंभीर चेहऱ्याने खात होती. शकुबाईची लेक बोटे चाटून म्हणाली, "बाई, उद्याबी तुम्ही भांडानच ना?"

गुरुजी कुंपणापाशीच थांबले. यशोदेने त्यांना पाहिले, वडिलांना पाहिले, आणि हातातले उलथणे खाली ठेवले.

"ही पोरं इथं कशी?" गुरुजींनी विचारले.

"रोजच असतात. यांच्या माया दिवस उगवायच्या आत वेचायले जातात, घराले कुलूप. मग हे शाळेच्या पायरीवर येऊन बसतात. तुम्ही पुढच्या दारानं गावात जाता, हे मागून येतात. मी काल सकाळी ताट घासायले परसात आली तर पायरीवर बसलेले. मी म्हटलं, खाता का, हे माझ्यानं संपत नाही. तेव्हा आले. नुसतं ये, खा, म्हटलं असतं तर एकही आलं नसतं."

गुरुजी शकुबाईच्या लेकीसमोर उकिडवे बसले. "पण तुझी आई तर म्हणाली, तू खाऊन येतेस. मी स्वतः विचारलं."

"मायनं सांगतलं, गुरुजीले असंच सांगजो." पोरीने मोकळेपणाने त्यांच्याकडे पाहिले. "त्या दिवशीच्या घुगऱ्या माह्याच होत्या ना जी. तुम्ही खाल्ल्या."

ती तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. गुरुजींना मात्र परसातली जमीन दुभंगली तर बरे असे वाटले. वाटीचा तळ आपण बोटाने पुसून घेतला होता, हेही त्यांना आठवले.

यशोदेचा राग तिथेच ओसरला. ती आत गेली. चूल पेटल्याचा आवाज झाला, कांद्याच्या फोडणीचा वास परसात आला. तोवर डोमाजी कोणी न सांगताच रांगेच्या शेवटी मांडी घालून बसले होते. पोरांनी सरकून जागा करून दिली. यशोदेने उकडपेंडीच्या दोन ताटल्या आणल्या, एक वडिलांपुढे ठेवली, एक नवऱ्यापुढे. गुरुजी पोरीशेजारी बसले, आणि आधी आपल्यातला निम्मा भाग तिच्या पानात वाढून मग पहिला घास घेतला. चौथ्या घासाला परसातली पोरे, कुंपण आणि सासरेबुवा आपापल्या जागी स्थिर झाले.

"कौशल्याबाईंना जाऊन खरं सांगतो," खाऊन झाल्यावर ते म्हणाले. "भांडण नाही, काही नाही. उगाच गाव ताटं पाठवून राह्यलं."

"सांगा," यशोदा म्हणाली. "ताटं बंद होतील. मग उद्या यांना काय देऊ? आपल्या पगारात वेचणीभर इतक्या पोटांचं होते का?"

गुरुजींनी बोटांवर पोरे मोजली.

"वर्गणी काढू. लोकांना समजावून सांगू की..."

"काय सांगाल? शकुबाईची पोरगी उपाशी येते म्हणून? शकुबाई उद्यापासून तिले शाळेत नाही पाठवणार." यशोदेने रिकाम्या ताटल्या उचलल्या. "गाव जे समजून आहे ते समजू द्या."

"म्हणजे आपण भांडल्याचं सोंग करायचं?"

"सोंग कायले," ती म्हणाली. "शिऱ्याचं अजून आहे माझ्या मनात."

डोमाजी व्यवहारी माणूस. त्यांनी ज्वारीचे पोते माजघरात ठेवले, मिशा पुसल्या आणि निघताना कौशल्याबाईंच्या ओसरीसमोर उभे राहून चारचौघांत जावयाला चांगले खडसावले. एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना गोडी लागली, आणि यशोदेला मागून खोकावे लागले.

त्यानंतर माणिक गुरुजींचा दिनक्रम ठरून गेला. पहाटे दार लावून घ्यायचे, यशोदेने पुढ्यात ठेवलेले गुमान पोटभर खायचे, आणि मग चेहरा शक्य तितका ओढून दार उघडायचे. घराबाहेर बायकोशी बोलायचे नाही. छपरातून धूर निघून चालणार नव्हता, म्हणून यशोदा पहाटेच्या धुक्यातच चूल उरकून घेई. समोरून, बाजूने, दोन आळ्या ओलांडून ताटे येत राहिली. मागच्या बाकांवरचे पेंगणे थांबले. एवढेच नव्हे, तर ती पोरे आता नको ते प्रश्न विचारू लागली आणि गुरुजींना रात्री पुस्तक उघडून बसावे लागे. स्वतः गुरुजींच्या अंगावर जरा मांस चढले. दुःखी माणसाच्या अंगावर ते शोभत नव्हते, म्हणून ते कोटाच्या सगळ्या गुंड्या लावून फिरत.

शेते पांढऱ्याची पुन्हा करडी होऊ लागली होती. अशा एका सकाळी कौशल्याबाई स्वतः ताट घेऊन आल्या. पोरे अजून आली नव्हती. कौशल्याबाईंनी परसातल्या सारवलेल्या जमिनीकडे पाहिले. तिथे लहान लहान बुडांनी बसून बसून दोन लांब रांगांचे ठसे उमटले होते. त्यांनी तिकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

"किती दिवस चालन तुमचं भांडन?" त्यांनी विचारले.

यशोदेची नजर खाली गेली. "वेचणी सरेपर्यंत चालेल असं वाटते," ती म्हणाली.

कौशल्याबाईंनी ताट पडवीत ठेवले. आज ते नेहमीपेक्षा जड होते, दोन्ही हातांनी ठेवावे लागले. पदराने हात पुसत त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथे वळल्या.

"मंग जरा नीट भांडा बाई," त्या हळूच म्हणाल्या. "काल गुरुजी अंगनात हासताना दिसले लोकाइले."